कागदावर नसलेलं शाळेचं मैदान

त्या सोमवारची दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. बंगळुराजवळच्या आनेकल तालुक्यातल्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो आणि निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. सकाळची हजेरी झाली होती, समन्स वाटायला माणसं गेली होती, कोर्टाची दोन शिपायांची जोडी आरोपी घेऊन निघाली होती. जेवणाचा डबा उघडला तेवढ्यात फोन वाजला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई होत्या. त्या म्हणाल्या, सरकारी शाळेतली अकरा मुलं आणली आहेत, सगळी लहान आहेत, आणि सगळ्यांच्या तोंडाला दारूचा वास येतो आहे.

मी विचारलं, नक्की?  एका मुलीला झटके येताहेत, तिला मोठ्या इस्पितळात हलवते आहे, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी डबा तसाच झाकला. स्टेशन डायरीत वेळ टाकली आणि निघालो.

पुढचं कळावं म्हणून माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. मी बेळगावकडच्या सीमाभागातला. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, वडील अंगठा उठवणारे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही, आजही वाटत नाही. न वाचता सही करायची नाही हा मी नोकरीच्या पहिल्या दिवशी घेतलेला नेम. ठाण्यातले लोक माझ्या मागे म्हणायचे की साहेब चहाच्या पुड्याचा कागदसुद्धा वाचून मग फेकतात. म्हणोत बापडे. माझ्या हातून एकही चुकीचा कागद गेला नाही, असं मी त्या सोमवारपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

शाळा म्हणजे रस्त्यालगत चार खोल्या आणि कोपऱ्यात एक स्वयंपाकघर. मागे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे मोठं मैदान. मुख्याध्यापिका दारातच भेटल्या. सांगायचं काय ते त्यांचं ठरलेलं होतं. काल रविवारी मैदानावर जेवण होतं, मुलं मधल्या सुट्टीत तिकडे गेली असतील, पडलेल्या बाटल्या तोंडाला लावल्या असतील. मुलं ती मुलंच, असंही त्या दोनदा म्हणाल्या.

जेवण कसलं, तर बीगर ऊट. इकडे लग्न मंटपात, म्हणजे कार्यालयात, लागतं, ते जेवण शाकाहारी. मग आठवडाभरात व्याह्यांना बोलावून मटणाचं जेवण घालतात, त्याला हे नाव. लग्नाला आलं नाही तरी चालेल, पण या जेवणाला आलं नाही तर माणसं वर्षभर बोलत नाहीत. पुरुषमंडळींची दारूची सोयही त्यातच असते. कालचं जेवण शाळेच्या विकास समितीच्या अध्यक्षांचं होतं. त्यांच्या मुलाचं लग्न झालं होतं. गावात घर, शेती, खडीचा क्रशर, सगळं असलेला माणूस. शाळेला पंखे त्यांनीच दिलेले.

माझा बीट कॉन्स्टेबल शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, दर वर्षी कुणाचं ना कुणाचं तिथंच होतं. या खेपेला तर त्यांनी परवानासुद्धा काढलाय."

शाळेच्या मैदानावर दारूचा परवाना? असा परवाना निघत नाही. खासगी समारंभासाठी अबकारी खातं एका दिवसाचा परवाना देतं, पण शाळा, देऊळ, इस्पितळ यांच्यापासून शंभर मीटरच्या आत नाही. हे पोलिसात नवीन भरती झालेल्या पोरालाही माहीत असतं. मला वाटलं, इथेच सापडले. खोटा परवाना असणार, किंवा परवाना एका जागेचा आणि जेवण दुसऱ्या जागेवर. मनातल्या मनात मी कलमं लावायलाही लागलो होतो.

रस्त्याने वळसा घालून मैदानावर गेलो आणि पंचनामा केला. केळीची पानं, कागदी पेले, मटणाची हाडं, कुत्री. बाटली एकही नाही. अध्यक्षांची माणसं रविवारी संध्याकाळीच पोत्यांत भरून सगळं घेऊन गेली होती. मग मुलं काय प्यायली?

तीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो. चोरून काही करायचं झालं तर त्यात मोठी पोरं पुढे असतात आणि लहानांना हाकलून देतात. मी आजारी मुलांची यादी मागितली. पहिली ते तिसरी. सातवीतलं एकही नाही, सहावीतलं एकही नाही. मी मुख्याध्यापिकांना विचारलं, दुपारच्या जेवणाला आधी कोण बसतं? त्या म्हणाल्या, लहान मुलं. पहिली पंगत त्यांचीच, दुसरी आज बसलीच नाही. आणि मग त्यांनी तोंडावर पदर धरला. बहुतेक त्यांनाही त्याच क्षणी कळलं.

स्वयंपाकघरात स्टीलचे पेले धुवायचे पडले होते. कॉन्स्टेबलने एक उचलून हुंगला आणि माझ्यापुढे धरला. वर संत्र्याच्या सरबताचा गोड वास, खाली दुसरा.

स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळी शाळा अक्का म्हणायची. साठीला टेकलेल्या, विधवा, बंगळुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. शाळेत जेवण सुरू झालं तेव्हापासून चूल त्यांच्याकडे. त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या आणि कुणी काही विचारलं तरी बोलत नव्हत्या. महिला कॉन्स्टेबल कन्नडमध्ये विचारून थकली. मी समोर पाटावर बसलो आणि मराठीत म्हटलं, अक्का, पाणी घ्या थोडं. त्यांनी मान वर केली. त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड होतं आणि माझ्या मराठीत कोल्हापूरचं वळण, पण त्या भाषेने दार उघडलं.

"अण्णा, पोरगी कशी आहे?" त्यांनी आधी हेच विचारलं.

मी खरं तेच सांगितलं, की अजून कळलं नाही. मग त्या सांगत गेल्या. रविवारच्या जेवणाला भांडी घासायला त्यांना बोलावलं होतं. जेवण उरकल्यावर संत्र्याच्या सरबताच्या सहा मोठ्या बाटल्या उरल्या होत्या. केटररची माणसं त्या ओतून टाकणार होती. यांनी मागून घेतल्या. गावात कुणाच्याही लग्नातलं गोडधोड उरलं की अक्का ते शाळेत आणायच्या. म्हैसूरपाक, बुंदी, कधी केळी. मुलं सोमवारी त्यांच्या पिशवीकडे बघत यायची.

"त्यांनी माझ्या हातात नाही दिलं अण्णा. मी मागितलं," त्या म्हणाल्या. "पोरांना स्वल्प गोड होईल म्हणून."

मी विचारलं, चाखून नाही पाहिलंत? शाळेतलं जेवण मुलांना वाढायच्या आधी स्वयंपाकीण आणि शिक्षक यांनी चाखायचं, वहीत सही करायची, असा नियम आहे. भात-सांबार चाखून मुख्याध्यापिकांची सही त्या दिवशीही होती. सरबत जेवणाच्या तक्त्यात नव्हतं, म्हणून ते कुणी चाखलं नाही. आणि अक्कांचा सोमवारचा उपवास होता. नवरा गेल्यापासूनचा. संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही.

"मुलं काही म्हणाली नाहीत?"

 "ती तिसरीतली बारकी म्हणाली, अक्का, कडू लागतं. मी म्हटलं, सोडा असेल गं, नखरे करू नको, पी. तिला दुसरा पेला मीच दिला. शाणी म्हणून."

शेजारी उभी असलेली महिला कॉन्स्टेबल बाहेर निघून गेली. मी जबाब लिहून घेत होतो, तो लिहीतच राहिलो, कारण लिहिणं थांबवलं असतं तर माझंही काही खरं नव्हतं.

सरबतात दारू कुणी घातली, हे कळायला वेळ लागला नाही. अध्यक्षांचे वडील नव्वदीचे, दारूच्या बाबतीत माळकरी म्हणावेत असे कडक. बीगर ऊटला ते पुढच्या खुर्चीत बसणार. त्यांच्या नजरेसमोर दारूची बाटली येता कामा नये, ही त्या घराची रीत. म्हणून सकाळीच सरबताच्या मोठ्या बाटल्या अर्ध्या रिकाम्या करून त्यात वोडका भरली होती आणि झाकणं घट्ट बसवली होती. पाहुणे संत्र्याचं सरबत मागायचे आणि ओळखणारे ओळखायचे; केटररच्या माणसांना मात्र त्यातलं काही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याने स्वतः दोन पाहुण्यांना आग्रह करून ते वाढायला सांगितलं, असं नंतर एका साक्षीदाराने हसत सांगितलं. त्या रीतीत वाईट हेतू शोधून सापडणार नाही. वडिलांचा मान राखायचा होता, बस.

मंगळवारी अध्यक्षांना ठाण्यात बोलावलं. ते वेळेआधी आले, एकटे आले, आवाज चढवला नाही. मुलांच्या औषधाचा खर्च मी बघतो म्हणाले. मी म्हटलं, ते नंतर. आधी मला सांगा, शाळेच्या मैदानावर दारू कुठल्या कायद्याने वाढलीत?

ते कन्नडमध्ये बोलले, पण शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे. "साहेब, ते शाळेचं मैदान नाही. माझं आहे. आजोबांनी मुलांना खेळायला दिलं, तोंडी दिलं. लिहून कधी झालं नाही. पहाणीत आजही आमचंच नाव आहे. परवाना मोकळ्या जागेचा आहे, आणि परवान्याला तुमच्याच ठाण्याचं ना-हरकत पत्र आहे."

पहाणी म्हणजे इकडचा सातबारा. मी ठाण्यातल्या रायटरला फाइल काढायला सांगितली. त्याने ती माझ्यापुढे ठेवली आणि ठेवताना माझ्याकडे बघितलं नाही.

खाली माझी सही होती.

कागद वाचल्यावर सगळं आठवलं. अर्ज एकदा परत पाठवला होता तो मीच. जमिनीच्या मालकीचा पुरावा जोडलेला नाही, पहाणीचा उतारा जोडा, असा शेरा माझ्या हस्ताक्षरात होता. त्यांनी जोडला. नाव अध्यक्षांचं, सर्व्हे नंबर वेगळा, शाळेचा उल्लेख नाही. बीट कॉन्स्टेबलचा अंतराचा अहवाल सोबत: शाळेच्या मुख्य दारापासून रस्त्याने वळसा घेऊन जागेच्या दारापर्यंत शंभर मीटरपेक्षा जास्त. मी सगळं वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. चूक एकही नव्हती, म्हणून सही केली होती. सगळा गाव ज्याला शाळेचं मैदान म्हणतो ते कागदावर कुणाची तरी मोकळी जागा होतं, आणि मी कागद वाचणारा माणूस. उतारा मी मागितला नसता तर कदाचित तो अर्ज अबकारी खात्यातच कुणीतरी अडवला असता. माझ्या काटेकोरपणाने तो पक्का झाला.

बीट कॉन्स्टेबलला मी विचारलं, तू जागेवर गेला होतास ना? तो म्हणाला, गेलो होतो साहेब, मोजलंसुद्धा. मग मी त्याला घेऊन शाळेत गेलो. मागची भिंत एका जागी पडलेली होती. दोन माणसं शेजारी शेजारी जातील एवढं खिंडार. खालची माती मुलांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. खोल्यांच्या दारातून निघून त्या खिंडारातून मैदानात मी स्वतः चालत गेलो. चाळीस पावलं. अंतर कसं मोजायचं, तर माणसं नेहमी ज्या वाटेने चालत जातात त्या वाटेने, असं नियमातच आहे. नेहमीची वाट ती होती. अक्काही सरबताच्या बाटल्या त्याच वाटेने घेऊन आल्या होत्या.

कॉन्स्टेबल म्हणाला, "मला वाटलं साहेब, भिंत म्हणजे भिंत. दार तर समोर आहे."

त्याला काय बोलणार? मी तर सहीआधी तिथवर गेलोही नव्हतो.

त्या आठवड्यात मी एक अहवाल लिहिला. नोकरीतला सगळ्यात चांगला अहवाल तो असेल. खिंडार, पावलं, नकाशा, मुलांचे जबाब, आणि शेवटी स्वच्छ लिहिलं की ना-हरकत पत्र जागा न पाहता दिलं गेलं आणि ते देणारा मी आहे. परवाना चुकीच्या पत्रावर निघाला, म्हणून ज्याने घेतला आणि ज्याने दारू सरबताच्या बाटलीत भरायला लावली त्याच्यावर गुन्हा लागू शकतो. एकट्या स्वयंपाकिणीवर नको.

वरिष्ठांनी बोलावून घेतलं. चांगला माणूस होता, हे मुद्दाम लिहितो. त्यांनी अहवाल पूर्ण वाचला. मग म्हणाले, "भिंत पडली म्हणजे दार होत नाही. परवाना खरा आहे, जागा त्याची आहे. आपल्याच जेवणात कुठल्या बाटलीतून काय वाढावं याला कायदा नाही. मुलांच्या हातात दारू कुणी दिली, तेवढं सांगा." सरकारी वकिलांनीही तेच सांगितलं, जरा जास्त शब्दांत. माझा अहवाल 'नोंद घेतली' असा शेरा मारून परत आला.

मुलांच्या हातात दारू अक्कांनी दिली होती. तसा त्यांचा स्वतःचा जबाब होता आणि तो मीच घेतला होता, त्यांच्या भाषेत, त्यांचा विश्वास मिळवून.

मी नोकरी सोडली नाही. दोषारोपपत्रावर सही करणार नाही असं म्हणालो नाही. दहा महिने उरले होते, पेन्शन होती, धाकट्या मुलीचं शिक्षण होतं. वाचून सही केली. एकाच आरोपीचं नाव असलेला तो कागद कायद्याने बरोबर होता.

कोर्टात पहिल्याच तारखेला अक्कांनी गुन्हा कबूल केला. त्यांना मोफत वकील मिळाला होता. त्याने सांगून पाहिलं, मीही बाहेर व्हरांड्यात सांगून पाहिलं, की तुम्हाला माहीत नव्हतं, तेवढं म्हणा, सुटाल. त्यांनी ऐकून घेतलं. "सरी अण्णा, बरं," म्हणाल्या आणि आत जाऊन उलटं बोलल्या. न्यायाधीशांनी वय पाहून तुरुंग टाळला, चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. पण शाळेचं काम गेलं ते गेलंच. दहा मुलं दोन दिवसांत घरी आली. तिसरीतली मुलगी नऊ दिवस इस्पितळात होती. जगली. तिचे आईवडील कारखान्यात कामाला होते, उत्तरेकडून आलेले, ते तिला घेऊन गावी गेले. बोलताना ती अडखळते एवढं शेवटचं कळलं, त्यानंतर काही नाही.

माझ्या अहवालाचा अगदीच उपयोग झाला नाही असंही नाही. शिक्षण खात्याने त्यातला खिंडाराचा परिच्छेद उचलला आणि भिंत दुरुस्त करायचा हुकूम काढला. विटा अध्यक्षांनी दिल्या. भिंत सहा फुटांची झाली. तेव्हापासून शाळेतल्या मुलांना मैदान नाही. खेळाचा तास वर्गासमोरच्या पट्टीत होतो. भिंतीपलीकडे बीगर ऊट अजून होतं, परवाना घेऊन होतं, आणि आता अंतराबद्दल कुणाला काही विचारताही येणार नाही, कारण नेहमीची वाट बंद झाली.

निवृत्तीनंतर मी बंगळुरात हेब्बाळकडे मुलाच्या घरी राहायला आलो. मागच्या वर्षी एका लग्नाला आनेकलला गेलो होतो. मंटपाच्या मागे हात धुवायला गेलो तर नळाजवळ भांड्यांच्या ढिगात अक्का बसल्या होत्या. त्यांनीच आधी ओळखलं. जेवलात का अण्णा, विचारलं. मी बाजूच्या पायरीवर बसलो. तब्येतीचं, पावसापाण्याचं बोलणं झालं. शेजारी लाडवांची अर्धी परात उरलेली होती आणि मंटपातली माणसं ती कचऱ्याच्या पिंपात उपडी करत होती. तीन-चार मुलं त्या परातीकडे बघत उभी होती. मी उगाच म्हटलं, अक्का, द्या की त्यांना.

त्यांनी मुलांकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता मी कुणाच्या पोराला काही देत नाही अण्णा. पाणी मागितलं तरी नळ दाखवते." आणि पुढचं भांडं ओढलं.

पोलीस प्रशिक्षण केंद्रात कधीमधी मला बोलायला बोलावतात. तरुण पोरं असतात, बरीचशी माझ्यासारखी, घरातली पहिली शिकलेली. या केसने काय शिकवलं, असं विचारतात. मी सांगतो, कागद वाचा, पण सहीआधी जागेवर जा, स्वतःच्या पायांनी चाला. ती वहीत लिहून घेतात.

मी जागेवर गेलो असतो तर पत्र दिलं नसतं. परवाना निघाला नसता. जेवण मागच्या वर्षांसारखंच बिनपरवाना झालं असतं, म्हातारा पुढच्या खुर्चीत बसला असता, बाटल्या तशाच भरल्या गेल्या असत्या आणि उरलेल्या अक्कांनी तशाच मागून घेतल्या असत्या. याचा विचार मी पुष्कळ केला आहे आणि प्रत्येक वेळी ती मुलगी दुसरा पेला पितेच. एवढंच की अध्यक्षांचं नाव दोषारोपपत्रात अक्कांच्या आधी आलं असतं. पोरांना मी हे सांगत नाही. त्यांना अजून तीस वर्षं नोकरी करायची आहे.